बीट्रिस शिलिंग यांच्या चरित्रातल्या तारखा

दुसऱ्या महायुद्धातली 'बॅटल ऑफ ब्रिटन' ही हवाई लढाई एका स्त्री अभियंत्याने तयार केलेल्या पितळेच्या लहानशा तुकड्यामुळे ब्रिटनने जिंकली, असे सांगणाऱ्या पोस्टी आपल्याकडे अधूनमधून फिरत असतात. ती स्त्री म्हणजे बीट्रिस शिलिंग. त्या खऱ्या होत्या, तो तुकडाही खरा होता आणि त्याचा उपयोग झाला हेही खरे आहे. परंतु ब्रिटिशांच्या अधिकृत गणनेनुसार ही लढाई 10 जुलै ते 31 ऑक्टोबर 1940 या काळात झाली आणि शिलिंग यांनी तयार केलेला भाग लढाऊ विमानांच्या तळांवर पोहोचू लागला तो 1941 च्या सुरुवातीला. मार्च 1941 पर्यंत तो फायटर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या लढाऊ विमान विभागाच्या, विमानांमध्ये सर्वत्र बसवला गेला होता. म्हणजे जी लढाई या तुकड्याने जिंकून दिली असे आपण अभिमानाने शेअर करतो, ती संपून तोवर चार महिने उलटले होते.

यावर नेहमीचे उत्तर असे असते की, एका कर्तबगार स्त्रीची ओळख लोकांना होत असेल, तर चार-सहा महिन्यांच्या फरकाचा एवढा कीस कशाला काढायचा? मला हा युक्तिवाद मुळीच पटत नाही. अभियंत्याचे काम कोणत्या अडचणीवर, कोणत्या वेळी आणि कोणत्या मर्यादेत उपाय शोधला यावरून जोखायचे असते. तारीख हलवली की अडचण बदलते, अडचण बदलली की उपायाचे मोल बदलते, आणि शेवटी जिचे कौतुक करायचे तिच्याविषयी आपण काहीच सांगितलेले नसते.

अडचण काय होती, तेही बहुतेक ठिकाणी अर्धेच लिहिलेले असते. हरिकेन आणि स्पिटफायर या ब्रिटनच्या दोन्ही लढाऊ विमानांना रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन होते आणि त्याला फ्लोट (तरंगता भाग) असलेला कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून देणारा भाग, होता. समोरच्या मेसरश्मिट 109 च्या डाइमलर-बेंझ इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. जर्मन वैमानिक पाठलाग चुकवण्यासाठी विमानाचे नाक एकदम खाली दाबून सूर मारी आणि मागचा ब्रिटिश वैमानिक तसेच करू गेला की त्याचे इंजिन अडखळे, कधी बंदच पडे. 'इंधन पोहोचत नसे म्हणून इंजिन बंद पडे' एवढ्यावर ही हकिगत सहसा संपवली जाते. परंतु इंधन न पोहोचणे हा फक्त पहिला क्षण होता. नाक झटक्यात खाली गेले की कार्बोरेटरच्या कप्प्यातले पेट्रोल वर फेकले जाई, तळाजवळच्या जेटना, म्हणजे पेट्रोल पुढे सोडणाऱ्या बारीक छिद्रांना, ते मिळत नसे आणि इंजिन क्षणभर गचके खाई. खरा घात पुढच्या क्षणी होई. घराच्या गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर हा फ्लोट चालतो: पातळी खाली गेली की तोटी उघडायची आणि वर आली की बंद करायची. पेट्रोल वरच्या बाजूला गेल्यामुळे फ्लोट तळाकडे ढकलला जाई, कप्पा रिकामा असल्यासारखी पेट्रोलची वाट उघडझाप करणारी सुई पूर्ण उघडे आणि इंजिनाला लागते त्याहून कितीतरी अधिक पेट्रोल पंप आत लोटून देई. कप्पा तुडुंब भरे, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण बेसुमार वाढे आणि काळा धूर ओकत इंजिन गुदमरे. थोडक्यात, आपले दुचाकीचे मेकॅनिक ज्याला 'ओव्हरफ्लो' म्हणतात तो प्रकार शत्रूच्या मागावर असताना, हजारो फुटांवर घडत असे.

हे नीट समजले तरच शिलिंग यांचा उपाय समजतो. पेट्रोल अपुरे पडत असेल, तर वाट अरुंद करणारा भाग बसवणे हा वेडेपणा ठरला असता. त्यांनी नेमके तेच केले, कारण दुखणे अतिरेकाचे आहे हे त्यांनी ओळखले होते. पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीत, मध्यभागी मोजून-मापून पाडलेले भोक असलेला, अंगुस्तानासारखा एक पितळी तुकडा त्यांनी बसवला. पुढे तो आणखी सोपा करून साध्या वॉशरच्या रूपात आणला गेला. भोकाचे माप असे ठेवले होते की, पूर्ण जोर लावलेल्या इंजिनाला जेवढे पेट्रोल लागते जेमतेम तेवढेच त्यातून जावे. फ्लोट फसला तरी कप्प्यात पूर येणार नाही, एवढीच व्यवस्था. इंजिनाच्या बूस्टप्रमाणे, म्हणजे आत दाबून भरल्या जाणाऱ्या हवेच्या दाबाप्रमाणे, त्याची दोन मापे होती. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच बाब: तो बसवण्यासाठी विमान कारखान्यात परत पाठवावे लागत नव्हते. 1941 च्या पहिल्या महिन्यांत शिलिंग एक छोटा चमू घेऊन तळातळांवर फिरल्या आणि विमाने सेवेतून न काढता जागच्या जागी हे काम उरकले गेले.

त्या उपायाची मर्यादाही चरित्रात यायला हवी. पहिला क्षणिक गचका त्याने पूर्णपणे गेला नाही आणि विमान बराच वेळ उलटे उडवण्याची मुभाही वैमानिकाला मिळाली नाही. कार्बोरेटरची मूळ रचना बदलणारे उपाय पुढे आले, 1943 मध्ये दाबावर चालणारा बेंडिक्स कार्बोरेटर आला आणि तोपर्यंतची वेळ या तुकड्याने निभावून नेली. 1940 च्या लढाईत ब्रिटिश वैमानिकांनी ही उणीव अंगावर वागवतच झुंज दिली. सूर मारण्याआधी ते विमान कुशीवर वळवून अर्धे उलटे करीत, म्हणजे पेट्रोल तळाशीच दाबलेले राही, आणि या खटाटोपात मोलाचे क्षण हातचे जात. लढाईचे श्रेय शिलिंग यांना देताना आपण या वैमानिकांचे कसबही नकळत पुसून टाकतो. ओघात हेही नोंदवायला हवे की, मर्लिनला कार्बोरेटर ठेवणे हा रोल्स-रॉइसचा अडाणीपणा नव्हता. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या सुपरचार्जरच्या आधी पेट्रोल हवेत मिसळले की त्याच्या बाष्पीभवनाने मिश्रण थंड आणि दाट होते व इंजिनाला अधिक शक्ती मिळते, असा त्यामागचा हिशेब होता.

आता व्यक्तिगत तपशिलांकडे वळतो, कारण तिथे तर मोकळे रानच असते. शिलिंग यांना कुणी स्पिटफायरची रचनाकार म्हणते, कुणी रोल्स-रॉइसची अभियंता. स्पिटफायरचे मुख्य रचनाकार आर. जे. मिचेल होते आणि ते 1937 मध्येच वारले. शिलिंग सरकारी संशोधन संस्थेत, फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये, 1936 पासून नोकरीला होत्या. हा फरक गौण नाही. इंजिन बनवणाऱ्या कंपनीबाहेरच्या, सरकारी प्रयोगशाळेतल्या व्यक्तीने कंपनीच्या इंजिनातल्या दोषावर तोडगा काढला आणि तो हवाई दलाने लगोलग स्वीकारला, ही घटना ब्रिटनमध्ये युद्धकाळातले संशोधन कसे चालत होते याविषयी बरेच काही सांगून जाते.

दुसरी बाब त्यांच्या लग्नाची. वैमानिकांनी त्या तुकड्याला 'मिस शिलिंग्ज ऑरिफिस', म्हणजे 'मिस शिलिंगचे भोक', असे नाव दिले. त्यात लष्करी थट्टेचा वात्रटपणा होता आणि आपुलकीही होती. मात्र नावातल्या 'मिस'वरून अनेकांनी त्यांना अविवाहित ठरवून टाकले आहे. प्रत्यक्षात 1938 मध्ये त्यांचे लग्न जॉर्ज नेलर यांच्याशी झाले होते आणि तेही त्याच संस्थेत काम करीत. ब्रिटनच्या सरकारी सेवेत लग्न झालेल्या स्त्रीने नोकरी सोडावी असा सर्वसाधारण दंडक 1946 पर्यंत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे 1938 नंतरही फार्नबरोत टिकून राहिलेल्या आणि 1941 मध्ये तळांवर फिरणाऱ्या या विवाहित अभियंत्याचे वेगळेपण कळते. 'देशासाठी लग्न न करणारी' वगैरे रंग भरणाऱ्यांना हे अधिक मोठे सत्य दिसतच नाही. मला याचा थोडा रागच येतो, कारण कर्तबगार बाई म्हटली की तिला संसार नसणारच, हे आपणच गृहीत धरलेले असते.

लग्नाशी जोडलेली आणखी एक लाडकी गोष्ट आहे. सरे परगण्यात ब्रूकलँड्स नावाची शर्यतीची धावपट्टी होती. तिथे शर्यतीत ताशी 100 मैलांहून, म्हणजे सुमारे 161 किलोमीटरहून, अधिक वेगाने फेरी मारणाऱ्या मोटारसायकलस्वाराला 'गोल्ड स्टार' मिळत असे. शिलिंग यांनी तो नॉर्टन मोटारसायकलवर 1934 मध्ये मिळवला. नेलर यांनीही तो मिळवेपर्यंत त्यांनी लग्नाला होकार दिला नाही, असे सांगितले जाते. ही आख्यायिका आहे. ऐकायला झकास असली तरी ती आख्यायिका म्हणूनच सांगितली पाहिजे. त्याचबरोबर 'हा मान मिळवणारी पहिली स्त्री' असेही लिहिले जाते, आणि ते सरळसरळ चूक आहे. पहिल्या होत्या फ्लोरेन्स ब्लेंकिरॉन, त्याच वर्षी, शिलिंग यांच्या आधी. याच ब्लेंकिरॉन डिसेंबर 1934 मध्ये थेरेसा वॉलाक यांच्यासह पँथर मोटारसायकलवर लंडनहून केप टाउनला निघाल्या आणि सहारा ओलांडून पुढच्या वर्षी तिथे पोहोचल्या. एकीचे कौतुक करण्याच्या भरात अशा दुसरीला आपण इतिहासातून ढकलून देतो, आणि तेही कशासाठी, तर 'दुसरी' हा शब्द पोस्टमध्ये फिका दिसतो म्हणून.

शिलिंग यांचा जन्म 8 मार्च 1909 रोजी हॅम्पशायरमधल्या वॉटरलूव्हिल येथे झाला. ही तारीख महिला दिनाची असल्यामुळे त्यांच्यावरच्या पोस्टींचा हंगामही ठरून गेला आहे. मार्गारेट पार्ट्रिज नावाच्या महिला विद्युत अभियंत्याच्या हाताखाली त्यांनी आधी काम शिकून घेतले, त्यानंतर मँचेस्टर विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि मग यंत्र अभियांत्रिकीत पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. उपजत प्रतिभेच्या जोरावर एका रात्रीत सुचलेली युक्ती म्हणून तो पितळी तुकडा रंगवला जातो, तेव्हा तारा ओढण्यापासून सुरू झालेली ही सगळी उमेदवारी बाजूला पडते. कार्बोरेटर हा तर फार्नबरोत त्यांचा रोजच्या कामाचाच विषय होता.

आणि 1941 नंतरचे काय? बहुतेक मजकूर तिथेच थांबतो, जणू बत्तिसाव्या वर्षी त्यांचे आयुष्य आटोपले. त्या फार्नबरोतून 1969 मध्ये निवृत्त झाल्या, म्हणजे संस्थेत त्यांनी 33 वर्षे काढली आणि त्यांतली बहुतांश वर्षे युद्धानंतरची होती. युद्धानंतर ओल्या धावपट्टीवर विमानाचे ब्रेक कसे लागतात यावर त्यांनी संशोधन केले, ब्लू स्ट्रीक या क्षेपणास्त्राच्या कामात त्यांचा सहभाग होता आणि मोटारसायकल मागे पडल्यावर नवऱ्याच्या जोडीने त्यांनी मोटारींच्या शर्यतीही गाजवल्या. 18 नोव्हेंबर 1990 रोजी त्यांचे निधन झाले. ज्यांना त्यांच्यावर लिहायचे असेल त्यांनी या ओल्या धावपट्टीच्या कामापासून सुरुवात करून पाहावी. त्यात कोणतीही लढाई नाही, पण पावसात उतरणाऱ्या प्रत्येक विमानाशी त्या प्रश्नाचा संबंध येतो.