टाकून माजणारे

"खाऊन माजावं, टाकून माजू नये." आत्याने घरच्या ग्रुपवर एवढी एकच ओळ टाकली आणि माझा अख्खा रविवार वाया गेला.

निमित्त एका व्हिडिओचं. रेस्टॉरंटच्या ओट्यावर अख्खा सेलफिश, म्हणजे लांब चोचीचा मोठा समुद्री मासा, आडवा ठेवलाय, कोणीतरी त्याच्या पाठीवरचं शीड दोन बोटांनी पंख्यासारखं उघडून दाखवतंय, आणि मग सुरा. ग्रुपवर लगेच जुंपली. एक गट म्हणतो, इतका देखणा जीव कापवतो तरी कसा, दुसरा म्हणतो, कुरूप मासा कापला तर चालतो का? तेवढ्यात भाच्याने लिहिलं, "आपण निदान खातो. अमेरिकेत नुसती मजा म्हणून छळतात आणि सोडून देतात. मामाला विचारा." खाली माझाच फोटो. जानेवारीतला, फ्लोरिडातल्या स्टुअर्टचा. हातमोजे घातलेल्या मुठीत सेलफिशची चोच, आणि मागे माझे सगळे दात.

"निदान खातो" यातला तो "निदान" मला झोंबला.

मी जिथे राहतो तिथे हा वाद होऊच शकत नाही, कारण सेलफिश किंवा त्याचा चोचवाला भाऊबंद मार्लिन कुठल्या मेनूवर सापडणारच नाही. अटलांटिकमध्ये पकडलेल्या या माशांच्या विक्रीवर १९८८ पासून बंदी आहे. २०१२च्या कायद्याने पॅसिफिकमधून येणाऱ्यांचीही वाट बंद केली. हवाईला तेवढी सूट होती, पण २०१८च्या दुरुस्तीनंतर तिथला मासा तिथेच विकावा लागतो, मेनलँडवर आणता येत नाही. आमच्याकडे मार्लिन असतो तो बारच्या भिंतीवर, फायबरग्लासचा. पकडणाऱ्याने लांबी कळवायची आणि मासा समुद्रात सोडायचा, कारखाना त्या मापाचा पुतळा करून पाठवतो. तलवार मासा या कायद्यातून वगळलाय. तो इथे राजरोस मिळतो आणि मी खातोही. पण तो विषय वेगळा.

आता आत्याचं "टाकून". आत्या, टाकणं वेगळं आणि सोडणं वेगळं. सोडायचेही नियम आहेत. ठेवायचा नसेल तो मासा पाण्याबाहेर काढायचा नाही. जुन्या जे आकाराच्या गळाने पकडून सोडलेले पांढरे मार्लिन टॅग लावून तपासले, तेव्हा साधारण एक तृतीयांश नंतर मेले. गोल गळावरचे जवळजवळ सगळे जगले. म्हणून २००८ पासून इथल्या बिलफिश (म्हणजे चोचवाल्या माशांच्या) स्पर्धांत नैसर्गिक आमिषाला गोल गळच लावावा लागतो. तो पोटात न अडकता जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. ग्वाटेमाला आणि कोस्टा रिकाने हौशी लोकांना हे मासे सोडायलाच लावलं आणि त्यावर पर्यटन उभं केलं. मेलेला मासा एकदाच विकला जातो, जिवंत मासा पुन्हा पुन्हा. (हे वाक्य ग्रुपवर टाइप करून मी पुसलं. वाचताना ते दलालाच्या तोंडचं वाटलं.)

आणि तुमचं ते "निदान खातो"? हिंद महासागरातले बहुतेक सेलफिश कोणी खायला म्हणून शोधून पकडत नाही. कुपा (ट्यूना) वगैरेंसाठी मैलोन् मैल जाळी सोडतात, त्यात ते अडकतात. जाळ्याला देखणा-कुरूप कळत नाही, लहान-मोठा कळत नाही. २०१८ साली हिंद महासागराच्या ट्यूना आयोगाने सेलफिशला वर्षाला २५,००० टनांची मर्यादा घातली, म्हणजे प्रकरण किती मोठं आहे बघा. मी कोळ्यांना दोष देत नाही, आलेला मासा ते काय परत फेकणार? पण रेस्टॉरंटवाला तोच मासा कॅमेऱ्यासमोर नाचवतो तेव्हा त्याची मागणी तयार करतो. मागणी बंद करणंही रेस्टॉरंटच्या हातात असतं. १९९८ साली इथल्या शेफ मंडळींनी उत्तर अटलांटिकचा तलवार मासा मेनूवरून काढला, आणि २००९ मध्ये त्याची संख्या सावरल्याचं जाहीर झालं. मधल्या काळात कोटे कमी झाले, लहान माशांच्या जागा लाँगलाइनला (शेकडो गळ लावलेल्या मैलभर लांब दोरीला) बंद झाल्या, ते मी ग्रुपवर लिहिलं नाही. पाऱ्याचं मात्र लिहिलं: गरोदर बायका आणि मुलांनी मार्लिन आणि तलवार मासा टाळावा असं इथलं सरकार सांगतं. तुमच्या व्हिडिओत कोणी सांगितलं का?

एवढं सगळं लिहून झाल्यावर जर्मनीतला मावसभाऊ उगवला. "इकडे तुझ्यावर केस होईल," म्हणाला. तिथल्या प्राणिरक्षण कायद्यानुसार रास्त कारणाशिवाय प्राण्याला वेदना देता येत नाहीत. खाणं हे रास्त कारण, मजा नाही. त्यामुळे मुळात सोडून देण्यासाठीच मासा पकडणं हाच तिथे गुन्हा. म्हणजे बर्लिनचा कायदा आत्याच्या बाजूने! या गृहस्थाने आयुष्यात गळ हातात धरलेला नाही. पण परदेशात दहा-बारा वर्षं काढली की माणूस तिथला कायदा आपणच केल्यासारखा सांगू लागतो. उंटावरून शेळ्या हाकायला उंट कुठल्याही देशाचा चालतो.

इथल्या स्पर्धांबद्दल तर मी ग्रुपवर अवाक्षर काढलं नाही. मेरीलँडच्या स्पर्धेत २०१६ साली ७६.५ पौंडांच्या एका पांढऱ्या मार्लिनवर २८ लाख डॉलर लागले होते. विजेत्याची लाय-डिटेक्टर चाचणी फसली आणि प्रकरण कोर्टात गेलं. नॉर्थ कॅरोलिनात २०२३ मध्ये ६१९ पौंडांचा निळा मार्लिन धक्क्यावर आणला, पण शार्कने आधीच त्याचा लचका तोडला होता म्हणून बाद ठरवला. मासा मेला तो मेलाच. त्याला तर कोणी "निदान खातो" असंही म्हणालं नाही.

आणखी एक गोष्ट मी लपवली. इथे बंदी विकायला आहे, खायला नाही. ६३ इंचांच्या वरचा सेलफिश मला घरी नेता आला असता. माझा त्याहून मोठा होता. पण कोणी नेत नाही. नेला तर धक्क्यावरचे लोक काही बोलत नाहीत, नुसते बघतात. त्या बघण्याची मला जास्त भीती होती. बारा वर्षं ज्यांच्यात बसतो-उठतो, त्यांच्या बोटीवर मला दुसऱ्यांदा बोलावलं होतं. आमिष लटकवायच्या काईटवरची (पतंगावरची) दोरी सुटली तेव्हा सगळे माझ्यावर ओरडले, आणि ते ओरडणं इतरांवर ओरडतात अगदी तसंच होतं. हे मी आत्याला कसं समजावणार?

मासा बोटीला लागला तेव्हा अंगात दिवा लावल्यासारखा दिसत होता. निळा, जांभळा, कडेला पट्टे. मेटने, म्हणजे बोटीवरच्या मदतनीसाने, लीडर (गळाजवळची जाड दोरी) धरला, मी चोच धरली. चोच पॉलिशपेपरसारखी खरखरीत, हातमोज्यातूनही कळते. फोटो झाला. मी म्हटलं, अजून एक, शीड दिसत नाहीये. मेट म्हणाला, पाण्यातच ठेव. मी चोच वर ओढली. डोकं आणि अर्धं अंग बाहेर आलं, शीड उघडलं.

काल रात्री फोनमध्ये ते फोटो मोजले. तेवीस. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एक मिनिट चाळीस सेकंद. पहिल्या फोटोत मासा निळा आहे, शेवटच्यात तपकिरी. मग मेटने बोट गिअरमध्ये टाकली, चोच धरून त्याला बराच वेळ पाण्यातून ओढत नेलं. त्याने दोनदा शेपूट हलवलं आणि तो खाली गेला. पोहत गेला की बुडत गेला, वरून कळत नाही. पाणी फार निळं असतं तिथे.

बोटीवरच्या कोणाला त्या फोटोची गरज नव्हती, त्यांच्या घरी भिंती भरल्यात. तेवीस फोटो मी ग्रुपसाठी काढले होते. परत येताना रिगरवर, म्हणजे बोटीच्या कडेच्या लांब काठीवर, सेलफिशचा झेंडा चढवला, उलटा. तोही फोटो मी तेव्हा टाकला होता.

रात्री भाच्याने विचारलं, "मामा, तो मासा जगला का पण?" आणि लगेच खाली, "झेंडा उलटा का लावलाय?"

मासा सोडला की झेंडा उलटा लावतात, असं मी त्याला लिहिलं.