फसलेल्या माणसाला बोल लावू नका, आधी १९३० लावा

जरा लांबेल पण वाचा, कारण हे विशेषतः घरातल्या धाकट्यांसाठी लिहितोय. १९३० म्हणजे ऑनलाईन फसवणुकीची तक्रार घेणारा सरकारी हेल्पलाईन नंबर. ऑनलाईन कोणी फसलं की आपल्याकडे पहिलं वाक्य काय निघतं, तर "एवढे शिकलेले तुम्ही, असं कसं केलंत?" आणि हे ऐकायला लागू नये म्हणून माणसं तोंड मिटून बसतात, चोराला नेमकं तेच पाहिजे असतं.

नाशिकला सिडकोत आमच्या ओळखीच्या एका काकूंचं असंच झालं. इन्स्टाग्रामवर येवल्याच्या पैठण्यांचं एक पेज, मागावर विणतानाचे व्हिडिओ (दुसऱ्याचे उचललेले, पण ते कळणार कसं), हजारो फॉलोअर, आणि हातमागाची प्युअर सिल्क पैठणी अठराशेला. येवल्याला गेलेल्या कोणालाही विचारा, खरी पैठणी विणायला आठवडे न आठवडे जातात, ती अठराशेत येतच नाही. पण लेकीच्या डोहाळजेवणाची घाई होती, पैसे पाठवले. मग "कुरियरवाल्याचा" फोन, पत्ता कन्फर्म करायला पाच रुपये भरा, ही लिंक, हे ॲप टाका. त्या ॲपने फोनमधले मेसेज वाचले आणि खातं रिकामं. काकूंनी मुलाला सांगितलं नाही, सून काय म्हणेल म्हणून. सांगितलं तेव्हा पैसे कुठल्या कुठे गेले होते.

म्हणजे चूक साडी घेण्यात नव्हती, आम्हा सगळ्यांचा धाक वाटला त्यात होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण १९३० कसं चालतं ते बघा. फोन केला की तक्रार थेट ज्या बँकेत पैसे गेले तिकडे जाते, आणि पैसे अजून त्या खात्यात असतील तर तेवढी रक्कम होल्ड होते. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, मग एटीएममधून कॅश. म्हणून पहिला तास-दोन तास लाखमोलाचे. यूटीआर नंबर (म्हणजे पैसे गेल्याच्या मेसेजमधला व्यवहाराचा नंबर), रक्कम, वेळ एवढं हाताशी ठेवून फोन लावायचा, मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, आणि बँकेला वेगळं लेखी. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, ओटीपी आपणच दिला असला तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. म्हणजे कळवायला जितका उशीर तितकं आपल्या खिशातून!

आणि ती मधली खाती कोणाची असतात माहितीये? बऱ्याचदा कॉलेजच्या पोरांची. "तुझं खातं दे, महिन्याला काही हजार मिळतील" म्हणून देतात, आणि पोलीस येतात ते त्या पोराच्या घरी. कॉलेज रोडला, गंगापूर रोडला रूम करून राहणाऱ्या तुमच्या भाच्या-पुतण्यांच्या कानावर हे घाला.

देवळालीवाला प्रकार तर आपल्या नाशिकसाठी शिवलेलाच आहे. "साहेब, आर्मीत आहे, देवळाली कॅम्पला पोस्टिंग, बदली झाली म्हणून सोफा आणि स्कूटर विकतोय." देवळालीत तोफखान्याचं स्कूल आहे हे आपल्याला माहीत, जवानाबद्दल मनात आदर, आयकार्डचा फोटो येतो आणि आपण गेटपासचे पैसे आधी भरून मोकळे. उलट आपण काही विकत असू तर क्यूआर पाठवतात, स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील. अहो, पैसे यायला पिन लागतच नाही, कधीच नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले.

सगळ्यात राग येतो डिजिटल अरेस्टचा, म्हणजे खोटा पोलीस व्हिडिओ कॉलवर "तुम्हाला अटक झालीये" म्हणून धमकावतो आणि पैसे उकळतो त्याचा. कायद्यात अशी अटकच नाही, ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी मन की बातमध्ये सांगितलं, तरी रिटायर्ड माणसं अडकतात. कारण पहिली अटच असते, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही आणि घरात कोणाला सांगायचं नाही. जो माणूस म्हणतो कोणाला सांगू नका, तो पोलीस नाही, सीबीआय नाही, कोणी नाही, फोन कट करा. पण आईवडिलांनी फोन कट करून आपल्याला हाक मारावी असं वाटत असेल तर एरवी आपण त्यांच्याशी मोबाईलवरून कसं बोलतो तेही बघायला पाहिजे ना. "तुला नाही कळणार, दे इकडे" असं दहा वेळा ऐकलेली आई अकराव्या वेळी विचारणारच नाही.

आता २०२७ चा सिंहस्थ येतोय. प्रयागराजच्या कुंभमेळ्याच्या वेळी टेंट आणि हॉटेलच्या खोट्या वेबसाईट निघाल्या होत्या, इथेही निघतील. बाहेरगावच्या नातेवाइकांना आत्ताच सांगून ठेवा की त्र्यंबकला किंवा पंचवटीत रूमचे ॲडव्हान्स भरायच्या आधी आपल्याला एक फोन करा. माझ्या ओळखीतल्या कोणाला गरज लागली तर पत्ता पाठवा, ती जागा खरंच आहे का ते मी गाडी काढून बघून येईन, रात्री फोन केलात तरी चालेल.