खुलासा : सिअ‍ॅटलच्या फेरीजवळ इंजिन बंद करू नका

‘फेरी ५०० यार्डांच्या आत आली की इंजिन बंद करून थांबा, कयाकला मात्र सूट’ असा मजकूर सिअ‍ॅटलमधल्या मराठी ग्रुपांवर, स्वतःची बोट किंवा कयाक (वल्ह्याची छोटी होडी) चालवणाऱ्यांसाठी, फिरतो आहे. फेरी म्हणजे इथली मोठी प्रवासी बोट. तो चुकीचा आहे, आणि त्यातला पहिला भाग धोक्याचाही.

प्युजेट साउंडमध्ये, म्हणजे सिअ‍ॅटलला लागून असलेल्या समुद्राच्या खाडीत, १०० फुटांपेक्षा लांब प्रवासी फेरी व क्रूझ जहाजांसाठी अमेरिकी तटरक्षक दलाचा नियम आहे (संघीय नियमावली ३३, कलम १६५.१३१७). त्यात चालत्या किंवा नांगरलेल्या जहाजासाठी दोन अंतरं आहेत, आणि गोंधळ तिथेच होतो. ५०० यार्डांच्या (सुमारे ४५७ मीटर) आत यायला बंदी नाही; फक्त बोट ताब्यात राहील एवढ्या कमीत कमी वेगाने चालवायची आणि सूचना पाळायच्या. बंदी आहे ती चालत्या किंवा नांगरलेल्या जहाजापासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत. ती माणसालाही लागू आहे, त्यामुळे कयाकवाल्यांना सूट वगैरे काही नाही. जवळून जाणं भागच असेल तर व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) चॅनल १६ किंवा १३ वर गस्ती बोटीची किंवा फेरीच्या कप्तानाची परवानगी घ्या.

हे ५०० यार्डांचं क्षेत्र फेरीबरोबर सरकतं. बेनब्रिज बेटाची मोठी फेरी १८ नॉट (ताशी सुमारे ३३ किलोमीटर) वेगाने येते, म्हणजे ५०० यार्ड सुमारे ५० सेकंदांत संपतात. तेवढ्यात इंजिन बंद करून बसलात तर प्रवाह बोटीला फेरीच्या वाटेवरही नेऊ शकतो. ठरवून दिलेल्या जागेत नांगरलेली बोट मात्र जागीच ठेवावी, आदेश किंवा परवानगी मिळेपर्यंत.

जुना मजकूर पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.