पांढरी दोन, काळी दोन

"तुझं ते जॅझ म्हणजे मनाला येईल ते वाजवायचं, बरोबर ना?" भडंगाचा बकाणा भरत मित्राने विचारलं. अरे बाबा, मनाला काही येतच नाही, तिथंच तर घोडं पेंड खातं!

दोन वर्षं झाली, मिरजेत बसून पेटीवर जॅझ शिकतोय. हसा खुशाल. आधी पैसे भरून ऑनलाइन कोर्स केला. त्यात नुसते तक्ते: या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यावर) हे सूर चालतात, त्या कॉर्डवर ते. सहा महिने घोकले. वाजवायला बसलो की अलंकारच, म्हणजे सरगमच्या कवायती, बाहेर पडायचे. चूक एकही नाही, गाणंही नाही.

सुटका केली जॅझचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याच्या 1959 च्या 'सो व्हॉट' या रचनेने. पेटीवाल्यांनो, करून बघा. पांढरी दोनला, म्हणजे सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला, सा धरा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा. गंधार-निषाद कोमल, म्हणजे आपला काफी थाट! जॅझवाले त्याला डोरियन म्हणतात. असे चार-चार मात्रांचे 16 बार. मग 8 बार सा काळी दोनला, म्हणजे लगेच शेजारच्या काळ्या पट्टीला. पुन्हा 8 बार खाली. एकूण 128 मात्रांचं आवर्तन. विलंबित ऐकलेल्या माणसाला लांबीचं भय नाही, पण आपल्याकडे तंबोरा मागे असतो, कितीही भटका, घर जागच्या जागी. इथं घरच शेजारी राहायला जातं. मी धापा टाकत काळी दोनवर पोचायचो, तोवर रेकॉर्डवरचा बास (खर्जात साथ करणारं तंतुवाद्य) परत खाली आलेला असायचा.

शेवटी तक्ते गुंडाळले. माइल्सचा सोलो (त्याने एकट्याने केलेली बढत) रोज दोन ओळी, आधी गळ्यातून, मग पेटीवर. सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करने 1937 च्या उन्हाळ्यात त्याच वाद्यातल्या लेस्टर यंगचे सोलो असेच पाठ केले. (त्याच वर्षी आमचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब गेले. त्यांच्या रेकॉर्डी झिजेपर्यंत लावून जागा उचलणाऱ्यांना हे नवीन सांगायला नको.) नक्कल केली की स्वतःचं हरवतं, हे मला पटत नाही. माझ्याकडे हरवण्यासारखं होतं काय? उलट नक्कल करतानाच कळलं की हा माणूस केवढा वेळ गप्प बसतो. आम्हा साथीवाल्यांना गायकाने श्वास घेतला तरी ती फट भरायची खोड. हात थांबवणं मला कोमल गंधारापेक्षा अवघड गेलं.

काल पहिल्यांदा बासच्या बरोबरीने काळी दोनवर पोचलो. तिथं दोनच सूर वाजवले आणि थांबलो. खिडकीतून शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय रे, भाता फाटला का?"