आमचा भुऱ्या चांगला माणसाळलेला होता

पाळीव उंदीर चावतो तो नीट माणसाळवला नाही म्हणून, असं एका लेखात वाचलं. हे अर्धंच खरं. आमचा भुऱ्या दोन महिन्यांचा असल्यापासून माझ्या बाहीत शिरून झोपायचा. सात महिन्यांचा झाला आणि एका संध्याकाळी पिंजऱ्यात हात घातला तर केस पिंजारून, तिरका तिरका सरकत आला आणि अंगठ्याच्या पेरात दात रुतवले. मनगटापर्यंत रक्त! त्याआधी आठेक दिवस तो कडांना अंग घासत होता, जोडीदारावर धावून जात होता. आम्ही आपले 'मस्तीत आलाय' म्हणून हसत होतो. डॉक्टर म्हणाले, वयात आलेल्या नरांत हार्मोन्समुळे असं होतं. नसबंदी केली, पण फरक पडायला महिना गेला. तोवर टॉवेलात गुंडाळूनच उचलायचो.

म्हातारा उंदीर अचानक चावायला लागला तर मात्र आधी गाठ किंवा दुखणं आहे का ते बघा. मादी चावायला लागली तर तिला पिल्लं झालीत का ते बघा.

आणखी एक, पिंजऱ्याच्या गजांतून शेंगदाणे भरवायची सवय आम्ही मोडली. दाणा कुठला नि बोट कुठलं, त्यांना धड दिसतं थोडंच!