‘नोटा जिंकला की फेरनिवडणूक’: सोलापुरात फिरणाऱ्या मेसेजमध्ये काय चुकलंय

निवडणूक तोंडावर आली की सोलापुरातल्या वॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. गोषवारा असा: एकही पक्ष आपल्या मताचा नसेल तर मत देणं म्हणजे चुकीच्या माणसावर शिक्का मारणं. त्यापेक्षा घरी बसा, मतदान घसरलं की निवडणूक रद्द होते. जायचंच असेल तर नोटा (‘यांपैकी कुणीही नाही’ हे बटण) दाबा किंवा केंद्रावर ‘४९-ओ’ म्हणा; नोटा पुढे गेला की सगळे उमेदवार बाद आणि फेरनिवडणूक. लहान पक्षाला किंवा अपक्षाला दिलेलं मत मात्र वाया.

यातली चीड खरी आहे. जिथे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं तिथल्या माणसाला कुणीच आपला वाटला नाही, तर त्यात त्याचा काही दोष नाही. पण मेसेजमधली माहिती चुकीची आहे, आणि तिच्यावर विसंबणाऱ्याचं मत फुकट जातं.

‘मतदान घसरलं की निवडणूक रद्द.’ किमान इतकं मतदान झालंच पाहिजे, अशी अट आपल्या कायद्यात नाही. २०१७ साली श्रीनगर लोकसभेच्या पोटनिवडणुकीत जेमतेम ७ टक्के मतदान झालं, तरी निकाल लागला आणि खासदार निवडून आला. जो आला नाही तो आजारी होता, पुण्याला कामावर होता की संतापून घरी बसला होता, हे कुठल्याच कागदावर उमटत नाही.

‘४९-ओ म्हणा.’ हा नियम आजही आहे, पण मेसेजमध्ये सांगतात तो नव्हे. मतदार नोंदवहीत (नमुना १७-अ) सही केल्यावर एखाद्याने मत द्यायला नकार दिला, तर केंद्राध्यक्ष त्याच्या नोंदीपुढे तसा शेरा लिहितो आणि त्याखाली त्या मतदाराची सही किंवा अंगठा घेतो. हे सगळं पक्षांच्या मतदान प्रतिनिधींसमोर चालतं. म्हणजे गुप्तता गेली. अशा नकारांचा आकडा केंद्राच्या हिशोबात लिहिला जातो, निकालावर त्याचा काडीचाही परिणाम नाही. ही गुप्तता राखण्यासाठीच सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी नोटाचं बटण द्यायला लावलं.

‘नोटा पुढे गेला की सगळे बाद.’ इथे दोन वेगळ्या निवडणुका एकत्र कालवल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर.

लोकसभा आणि विधानसभेत नोटाची मतं मोजतात, जाहीर करतात, पण विजयी ठरतो तो उमेदवारांपैकी सर्वाधिक मतं मिळवणारा. नोटाला लाख मतं जास्त पडली तरीही. २०२४ साली इंदूरमध्ये नोटाला २,१८,६७४ मतं पडली. खासदार ठरलेल्या वेळी ठरला. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ साली नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, तिथेही आमदार निवडून आलाच. अनामत जप्त करायलाही नोटा उपयोगी नाही. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, आणि त्या वैध मतांत नोटा धरतच नाहीत. आणि मैदानात एकच उमेदवार उरला तर मतदानच होत नाही, मग नोटा कुठला? २०२४ मध्ये सुरतेत हेच झालं.

महापालिकेचं वेगळं आहे. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. या आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये नोटाला काल्पनिक उमेदवार मानायचा आदेश काढला: एखाद्या जागेवर नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा. मेसेजमध्ये अर्धसत्य आहे ते इथलं. पण ‘त्या जागेची’ हे शब्द विसरू नका. २०१७ साली सोलापूर महापालिकेत २६ प्रभागांतून १०२ नगरसेवक निवडले गेले, आणि बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते. अशा प्रभागात अ, ब, क, ड या प्रत्येक जागेसाठी वेगळं मत असतं आणि प्रत्येकीत शेवटी नोटा असतो. ‘ड’ जागेवरचा नोटा फक्त ‘ड’पुरता. म्हणून तीन जागांवर बरा माणूस दिसला आणि चौथीवर नाही, तर तिघांना मत देऊन चौथीला नोटा दाबता येतो. चारही ठिकाणी सरसकट नोटा दाबणारा तीन चांगल्या उमेदवारांची मतं घालवतो. उमेदवारांना पुन्हा उभं राहायला बंदी, हा नियम हरियाणातल्या स्थानिक निवडणुकांसाठी केलेला. मेसेजमध्ये तो आपल्याकडचा म्हणून चिकटवलाय.

‘लहान पक्षाला मत म्हणजे वाया.’ २०१९ ची सोलापूर लोकसभा बघा. विजयी उमेदवाराची आघाडी १,५८,६०८ मतांची. तिसऱ्या क्रमांकावरच्या वंचित बहुजन आघाडीच्या प्रकाश आंबेडकरांना १,७०,००७ मतं. तिसऱ्याची मतं फरकाहून जास्त असली की ती कुठल्या वस्तीतून आली हे प्रत्येक मोठा पक्ष केंद्रनिहाय आकडे काढून बघतो. नोटाची मतं कुणाची, कशासाठी, हे त्याला कळत नाही. कुठल्या मागणीवर नमतं घ्यायचं तेही मग कळत नाही. आमच्या मते मत देण्याच्या बाजूचं सर्वांत वजनदार कारण हेच.

दुसरीकडे मुंबई उत्तर-पश्चिम, २०२४: निकाल ४८ मतांनी लागला, आणि नोटाला पंधरा हजारांवर मतं होती. त्या पंधरा हजारांना दोघांत खरोखरच काही फरक वाटत नसेल तर हरकत नाही. थोडा जरी वाटत असेल, तर तो फरक त्यांच्या हातात होता.

‘सगळे सारखेच.’ आधी आपलं गाऱ्हाणं कुठल्या सभागृहाचं ते ठरवा. पाणी, ड्रेनेज, कचरा महापालिकेकडे. तिथल्या मतासाठी खासदारकीच्या पक्षाचा राग आणू नका. मग प्रत्येक उमेदवाराचं शपथपत्र वाचा. लोकसभा-विधानसभेसाठी ते नमुना २६ मध्ये असतं, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, सगळं त्यात आहे. अर्ध्या तासात ‘सारखेच’ वाटणारे बरेच वेगळे दिसू लागतात.

तरीही कुणीच नको असेल तर अपक्ष उभं करता येतो. त्याला त्याच मतदारसंघाच्या यादीतले १० सूचक (अर्जावर सही करून त्याचं नाव सुचवणारे मतदार) लागतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक पुरतो. लोकसभेची अनामत २५,००० रुपये, पण सोलापूरची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव असल्याने इथे प्रत्येकाला १२,५०० च भरावे लागतात. सूचकांची नावं यादीत आहेत का, अनुक्रमांक बरोबर आहे का, हे आधीच तपासा. सूचक त्या यादीतला नसेल तर छाननीत अर्ज उडू शकतो. तुमचं स्वतःचं नाव नसेल तर नमुना ६, पत्ता बदलला असेल तर नमुना ८. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी यादीत नाव चढत नाही.