थांब की, प्रो येतोय!

बेळगावात जन्मलेल्या माणसाला थांबायचं बाळकडू मिळालेलं असतं. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. आणि आमच्या आजोबांपासून पोरांपर्यंत प्रत्येकाच्या कानात कुणी ना कुणी कधीतरी कुजबुजून गेलंय, 'आता लागतोय बघ निकाल.' अशा गावात खेळायचं एक यंत्र घ्यायला थोडा दम धरावा लागला तर कुणी कुरकुर करू नये. मी केली. कोर्टाच्या कामाला निदान तारीख तरी पडते; अफवेला तेवढीसुद्धा शिस्त नसते.

झालं असं, की मुलाला सोनी कंपनीचं प्लेस्टेशन ५ घ्यायचं घरात ठरलं. ठरलं म्हणजे अर्थखात्याची मंजुरी मिळाली. (आमच्या अर्थखात्याकडेच स्वयंपाकघरही असल्यामुळे फायली कुकरच्या पहिल्या शिट्टीआधी पुढे सरकवाव्या लागतात.) शहापुरातल्या आमच्या गल्लीच्या कट्ट्यावर ही बातमी पोचायला वेळ लागला नाही.

"मामा, आत्ता घेऊ नका," भाचा म्हणाला. "थांबा की जरा. प्रो येतोय."

"कोण सांगितलं?"

"सगळी सांगूलेत."

ही 'सगळी' कोण, हे मला आजवर कळलेलं नाही. कुणा परदेशी माणसाने कुणाचं तरी नाव न घेता काहीतरी सांगितलेलं असतं, त्यावर दुसऱ्याने व्हिडिओ केलेला असतो, आणि तो व्हिडिओ आमच्या भाच्याने दीडपट वेगाने ऐकलेला असतो. एवढ्या पुराव्यावर तो शपथेवर साक्ष द्यायला तयार.

कट्ट्यावर आणखी तिघे. एक उद्यमबागेत फौंड्रीत सुपरवायझर असलेला माझा वर्गमित्र. एक गणिताचे निवृत्त मास्तर, ज्यांनी कंट्रोलर आयुष्यात हातात धरलेला नाही, पण आकडा दिसला की त्यांना राहवत नाही. आणि वडगावचे पॉवरलूमवाले अण्णा, घरी कन्नड, कट्ट्यावर मराठी, आणि फुटबॉलचा गेम हरले की दोन्ही. अण्णांचा प्रश्न पहिल्या दिवसापासून एकच: "यावाग बरतैती?" कधी येणार? त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, म्हणून चर्चा बाकी सगळ्या मुद्द्यांवर झाली.

हे 'प्रो' प्रकरण मुळात काय, ते मला फौंड्रीवाल्याने समजावलं. "हे बघ गा. साचा तोच. खरं आत माल जास्त ओतलेला. जुन्या मशिनवरची गेम हिच्यावर चालती, हिच्यावरची जुन्यावर पण चालती. ही नुसती जरा जास्त चमकती." मधल्या पिढीच्या सुधारणेची इतकी चोख व्याख्या मी अजून कुठं वाचलेली नाही.

भाच्याचा सगळा भरवसा इतिहासावर होता. २०१३ च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ४ आलं आणि तीन वर्षांनी, १० नोव्हेंबर २०१६ ला, त्याचं प्रो आलं. (तारीख माझ्या लक्षात राहायचं कारण वेगळं. त्याच्या दोन दिवस आधी नोटाबंदी झाली होती. जगातली पोरं प्रोसाठी रांगेत होती, आम्ही आमच्याच दोन हजारांसाठी.) पुढच्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टनेही आपल्या एक्सबॉक्सचं तसलंच वाढीव यंत्र, एक्सबॉक्स वन एक्स, आणलं. मग प्लेस्टेशन ५ जर २०२० चं, तर प्रो २०२३ ला यायलाच पाहिजे, असा भाच्याचा त्रैराशिकी हिशेब. २०२३ चा नोव्हेंबर आला. आलं काय, तर स्लिम. ताकद तीच, फक्त अंगाने बारीक.

"आता तरी घेऊ?" मी विचारलं.

"आता तर अजिबात नको! आता नक्की येणार."

मास्तरांनी उलटा दाखला दिला. २०२१ साली निन्टेन्डो कंपनीच्या स्विच या यंत्राबद्दल हीच बोंब होती: फोरके (म्हणजे जास्त बारकाव्याचं चित्र) येणार, प्रो येणार, नवी चिप येणार. जुलैमध्ये कंपनीने पडदा उघडला तर आत नवीन ओएलईडी पडदाच निघाला. थोडा मोठा, थोडा चकचकीत, यंत्र मात्र तेच. "तेव्हा अफवेला पूर्ण गुण देऊ नयेत," मास्तर म्हणाले, "पद्धतीचे दोन द्यावेत."

बेळगावात कुठल्याही विषयावर दोन गट पडायला दोन माणसं पुरतात. आम्ही पाच होतो, त्यामुळे गटांची मोजदाद ठेवणं कठीण झालं. भाचा 'येणारच' गटात. मास्तर 'येईल पण नसल्यासारखं' गटात. फौंड्रीवाला 'आलं तर तापणार' गटात. त्याला दुसरं काही पडलेलंच नव्हतं, 'एवढी वीज आत घालूलेत, मग उष्णता काढणार कुठनं' यावर तो पंख्याची पाती हाताने फिरवून दाखवत असे. अण्णा तटस्थ. मी नुसताच पैसे घेऊन बसलेला, म्हणजे ज्याच्या मताला कट्ट्यावर काडीची किंमत नाही असा.

२०२४ च्या मार्चमध्ये आकडे फुटले आणि मास्तरांचे डोळे चमकले. नवीन यंत्र म्हणे ३३.५ टेराफ्लॉपचं. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी हिशेब, हे मास्तरांनी आम्हाला बिस्किटाच्या पुड्यावर बारा शून्यं काढून दाखवलं. मूळ प्लेस्टेशन ५ ची झेप १०.२८. म्हणजे तिप्पट! भाचा उभाच राहिला. मग मास्तरांनी आणखी वाचून काढलं, की नवीन चिपमध्ये एका ठोक्यात दोन हिशेब धरायची सोय आहे, आणि ३३.५ हा आकडा ती सोय धरून आलेला. जुन्या मापाने मोजलं तर १६.७ च्या आसपास. भाचा बसला. पुढे तोच आकडा खरा निघाला, आणि मास्तर आजही त्याचा उल्लेख स्वतः शोधून काढल्यासारखा करतात.

या सगळ्यात माझं एक निरीक्षण आहे, ते कट्ट्यावर बोलून दाखवायची सोय नव्हती म्हणून इथं लिहितो. जे लोक 'थांबा' म्हणतात, त्यांच्या घरी यंत्र आधीच असतं. भाच्याने २०२१ च्या फेब्रुवारीत, भारतात विक्री सुरू झाल्या झाल्या, ४९,९९० ला घेतलेलं. फौंड्रीवाल्याकडे एक्सबॉक्स. अण्णांकडे दोन्ही. उपाशी मी एकटा, आणि 'गरम वाढतायत, थांब' म्हणून सांगणारे सगळे ढेकर देत बसलेले.

दुसरं निरीक्षण टीव्हीचं. एटके की फोरके, तीस फ्रेम की साठ फ्रेम, यावर भाचा आणि फौंड्रीवाला हमरीतुमरीवर यायचे. एकदा मी भाच्याच्या खोलीत गेलो. टीव्ही बत्तीस इंची, एचडी रेडी, लग्नात आलेला, आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यात हिरवट डाग. त्या डागामुळे मैदानाचा तो भाग कायम पावसाळ्यात असतो. मी काही बोललो नाही. बहिणीचं घर आहे, चहा घ्यायचा असतो.

शेवटी तारीख पडली. १० सप्टेंबर २०२४, आपल्याकडे रात्री साडेआठ. प्लेस्टेशनचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी नऊ मिनिटं बोलणार. आता १० सप्टेंबर म्हणजे गौरी आवाहनाचा दिवस. घरोघरी बायका गौरींना साड्या नेसवतायत, मुखवटे बसवतायत, कुणी लाइटची माळ धरायला पुरुष शोधतंय, आणि गल्लीतले चार कर्ते पुरुष मंडपाच्या मागे, जनरेटरच्या शेजारी, एका मोबाइलवर डोकी घालून बसलेले. जनरेटरमुळे ऐकू काही येत नव्हतं. सर्नीसाहेब शांतपणे ओठ हलवत होते. मध्येच एका बाजूला जुनं चित्र, दुसऱ्या बाजूला नवं, असं दाखवलं.

"दिसला काय फरक?" भाचा ओरडला.

"कुठला जुना?" अण्णा.

प्रत्येकाने मोबाइल डोळ्यांजवळ, मग लांब धरून पाहिला. मास्तरांनी चष्मा काढून पाहिला. नेट अडखळत होतं, त्यामुळे जुनं आणि नवं दोन्ही सारखंच भुरकट. तरी भाचा म्हणाला, "कसला भारी!" आणि श्रद्धेपुढे इलाज नसतो, समोर गणपतीच बसला होता.

मग किंमत आली. ६९९.९९ डॉलर. डिस्क घालायची खाच नाही. ती वेगळी घ्यायची. उभं करायचं स्टँडसुद्धा वेगळं. मास्तरांनी गौरीच्या पूजेच्या यादीच्या मागेच आकडेमोड केली: मूळ यंत्र अमेरिकेत ४९९.९९ डॉलर, इथं ५४,९९०. मग त्या प्रमाणात हे ७७ हजारांच्या घरात. वर खाच, वर स्टँड. फौंड्रीवाला बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "स्टँड मी बनवून देतो की. बिडाचं."

भाच्याने मात्र त्याच रात्री मला बाजूला घेतलं. "मामा, एक काम करूया. माझा जुना तुम्ही घ्या. घरातल्या घरात. मी प्रो घेतो." आणि एवढे दिवस मला का थांबवून ठेवलं होतं, त्याचा उलगडा झाला. मी रस्त्यावरचा गिऱ्हाईक नव्हतो, राखून ठेवलेला होतो. अर्थखात्याने मात्र 'जुनं का असेना, स्वस्तात पडतंय' म्हणून लगेच होकार दिला.

विसर्जनाची मिरवणूक झाली. उंच मूर्ती जायच्या म्हणून पोरांनी बांबूने केबली वर उचलल्या, त्यातली एक तुटली आणि आमच्या गल्लीचं नेट गेलं. ते परत आलं तोवर ऑक्टोबर लागला होता. नोव्हेंबरात, ७ तारखेला, जगभर प्रो विकायला आलं, आणि त्याच सुमारास कळलं, की भारतात येणार नाही. कारण काय? तर यंत्रात वायफाय ७ आहे, ते ६ गिगाहर्ट्झचा पट्टाही वापरतं, आणि तो पट्टा आपल्याकडे तेव्हा मोकळा केलेला नव्हता.

कट्ट्यावर शांतता पसरली. बांबू लागला तरी ज्यांचं नेट जातं, त्यांना यंत्र नाकारायचं कारण वायफाय फार वेगवान, हे पचवायला वेळ लागतो.

"म्हणजे आपण पट्ट्याच्या बाहेर," मास्तर म्हणाले. कुणी हसलं नाही. सीमाभागात अशी वाक्यं जपून वापरायची असतात.

"गोव्यात मिळत असणार," फौंड्रीवाला म्हणाला. देशात जी वस्तू मिळत नाही ती गोव्यात मिळते, यावर बेळगावच्या माणसाचा विश्वास अढळ आहे. फौंड्रीवाला खरोखर चोर्ला घाट उतरून जाऊन आला. येताना काजू आणि सुकी मासळी घेऊन आला, आणि 'दुबईहून कुणी येणार असेल तर' अशी नवीन अफवा.

भाच्याने जुनं यंत्र द्यायचा बेत अर्थात रद्द केला. "आता प्रोच नाही तर मी खेळू कशावर?" प्रश्न रास्त होता. फक्त तो मला विचारण्यात थोडा निर्दयपणा होता.

मग मी कुणाला न सांगता गेलो. बाजारातलं दुकान, बोर्डावर साठ टक्के कन्नड हवं असा नियम आहे, ते वर ठसठशीत होतं, आणि उरलेल्या चाळीस टक्क्यांत इंग्रजी, मराठी, मालकाचे दोन नंबर आणि कंट्रोलरचं चित्र दाटीवाटीने बसलं होतं. डिस्कवालं स्लिम, ५४,९९०. पोराने खोकं काढून पुसलं, बिल करता करता सहज म्हणाला, "सर, घाई नसली तर बघा. सहावं येतंय म्हणतात."

मी कार्ड त्याच्या हातात कोंबलं.

घरी यंत्र लागलं आणि तासाभरात आख्खा कट्टा हजर. 'बघायला' म्हणून. फौंड्रीवाल्याने मागे हात लावून किती तापतंय ते पाहिलं. मास्तरांनी खोक्यावरचे आकडे मोठ्याने वाचले. अण्णांनी सोफ्याची चांगली बाजू धरली. भाचा थेट टीव्हीसमोर उभा राहून, पाठ टीव्हीकडे करून, प्लेस्टेशन ६ ला डिस्कची खाच असेल की नाही हे समजावून सांगू लागला. त्याच्यामागे फौंड्रीवाला उठला, कारण त्याचं मत वेगळं होतं. मास्तरांनी कागद मागितला. आतून पोहे आले, ते हातात घेऊन अण्णाही उभे राहिले आणि म्हणाले, "खरं, यावाग बरतैती?"

चौघांच्या पायांच्या फटीतून वाकून बघत चिरंजीव म्हणाले, "काका, जरा सरकूया की. शेवटची ओव्हर हाय, बॉल दिसंना."